अक्काचं मारवेल

अक्का सासरहून परत आली तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती आणि घरात कुणालाच बसून बोलायला सवड नव्हती. तिचे सासरे स्वतः गाडी जुंपून तिला घेऊन आले होते. ओसरीवर टेकले, गूळपाणी घेतलं, "चार दिस राहू द्या पोरीला माहेरी," म्हणाले आणि ऊन उतरायच्या आत हसनाबादच्या वाटेला लागले. लग्नाला पाच-सहा वर्षं झाली तरी अक्काची कूस उजवली नव्हती, त्यामुळे त्या चार दिवसांचा अर्थ मोठ्या माणसांना तेव्हाच कळला असावा. मला मात्र आनंद झाला होता. अक्का माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठी. तिच्या लग्नात मी कुणाच्या तरी कडेवर होते म्हणे. आता ती पहिल्यांदाच माझ्या वाट्याला येत होती.

हिवाळा सरला, तुरी झोडून झाल्या, तरी तिला न्यायला कुणी आलं नाही. एका सकाळी बांगड्या भरणारा कासार आला. तो हसनाबादचा बाजार करून आला होता. मायच्या हातात बांगड्या चढवता चढवता त्याने खालच्या आवाजात सांगितलं, की अक्काच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. अक्का आत दळत होती. जातं थांबलं. "कोणाची हाय?" तिने आतूनच विचारलं. कासाराने गाव सांगितलं, मुलीच्या बापाचं नाव सांगितलं. मग जातं पुन्हा घरघरायला लागलं. माय तशीच बसून राहिली, एका हातात नव्या बांगड्या आणि दुसऱ्यात जुन्या.

आमचं गाव केदारखेड्याच्या जवळ, गिरजा नदीच्या काठचं. घरात दादा म्हणजे माझे वडील, माय, मी, आणि पाळण्यातला भाऊ. वीस-बावीस एकर जमीन, दोन बैल, एक गाय, तिची कालवड. निजामाचं राज्य होतं, पण आम्हा मुलींना ते फारसं कळत नसे. पाटलाचा मुलगा उर्दू शाळेतून येऊन अलिफ बे म्हणून दाखवायचा तेवढंच. माझ्या आठवणीतलं घर म्हणजे आवाजांचं घर आहे. पहाटे जातं, मग ताकातली रवी, मग बैलांच्या गळ्यातल्या घागरमाळा, आणि दिवस वर आला की काटवटीत भाकरी थापल्याचा थपथप आवाज. भाकरी, अंबाडीची भाजी आणि कारळाची चटणी. ताक असलं तर कण्या. अक्का आल्यापासून भाकऱ्या तीच करायची. तिची भाकरी अशी टम्म फुगायची, की पापुद्रा उचलून मी त्यात तेल-मीठ भरून खायचे. पण ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायची, मायच्याही मागून, आणि चुलीकडे तोंड करून.

दादा तिच्याशी बोलत नसत. रागावलेले नव्हते, मुलीकडे पाहायला त्यांना धीर होत नव्हता, हे मला आता समजतं. तिला काही सांगायचं असलं तर ते मला सांगत. "तिला म्हणावं, गुरांना पाणी दाव." अक्का तिथेच हातभर अंतरावर उभी असायची. मी इमानदारीने तिच्याकडे वळून "अक्का, गुरांना पाणी दाव" म्हणायचे आणि ती "बराबर" म्हणून निघायची. आजकालच्या मुलांना हे सांगितलं तर हसतात. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

आमच्या वरच्या वावराच्या कडेला एक मुरमाड उतार होता. पाऊस पडला की तिथून पाणी लोटायचं आणि दरवर्षी खालच्या काळ्या मातीतला एखादा पट्टा ओरबाडून नदीत न्यायचं. त्या उतारावर कुसळी गवताशिवाय काही उगवत नव्हतं. कुसळी वाळली की तिची टोकं लुगड्यात, पायात, गुरांच्या जिभेत रुतायची. दादा म्हणायचे, "तो तुकडा आपला न्हाई, देवाचा हाय. त्यालाच कसू द्या." अक्का जनावरं घेऊन तिकडेच बसायची, कारण गावात बसलं की बाया विचारायच्या, "कवा जाणार गं सासरी?" उतारावर कुणी विचारणारं नव्हतं.

गिरजेच्या काठावर मारवेल उगवायचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: हे बारीक कांड्यांचं, निळसर झाक असलेलं गवत, प्रत्येक पेराला पांढरी मऊ लव असते. कापलं तरी बुडातून पुन्हा फुटतं, वर्षानुवर्षं राहतं. गुरं इतर गवतातून ते हुंगून हुंगून निवडतात. आमची गाय नदीला गेली की पाण्याआधी मारवेलाकडे जायची. अक्काने ते पाहिलं होतं. मृगाचे दोन-तीन पाऊस होऊन गेल्यावर तिने खुरप्याने काठावरचे ठोंब मुळांसकट काढले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि मला म्हणाली, "चल, उतारावर लावू."

"गवत लावायचं?" मी विचारलं. मला खरंच वाटलं ती थट्टा करते आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोरीने गवत उपटताना पाहिलेलं असतं. हराळी आणि कुंदा यांच्यापायी माणसांच्या कमरा वाकलेल्या असतात. नांगरामागून मुळ्या वेचायच्या, वाळवायच्या, जाळायच्या. एखाद्याच्या वावरात हराळी माजली तर त्या घरात मुलगी देताना लोक विचार करत. आणि ही बाई कायमचं राहणारं गवत हाताने लावायला निघाली होती.

कुसळीचे बुडखे उपटून तिथे हातभर अंतरावर आम्ही ठोंब लावत गेलो. वरून खाली नाही, तर आडवं, उताराला आडव्या ओळींनी. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. "पानी आडावं लागंल ना," एवढंच ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी दादा तिथे आले. आधी त्यांना वाटलं आम्ही भाजी लावतो आहोत. ठोंब ओळखल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय करून राह्यली ही?" त्यांनी मला विचारलं.

मी अक्काकडे पाहिलं. अक्का उठली नाही, खुरपं चालूच ठेवलं. "मारवेल लावून राह्यले, दादा," ती म्हणाली. आल्यापासून ती त्यांच्याशी परभारे नव्हे, सरळ बोलली ती तेव्हा पहिल्यांदा.

"लोक काय म्हणतील? पोरगी येडी झाली म्हणतील. वावरात शिरलं तर?"

"शिरलं तर मी उपटीन. समदं उपटीन. पर एक-दोन साल राहू द्या."

दादांनी पागोटं काढून कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, "तिला म्हणावं, वावरात एक काडी दिसता कामा नये." आणि निघून गेले.

पहिल्या वर्षी त्या उतारावर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. अर्धे ठोंब पाण्याबरोबर वाहून गेले, काही शेळ्यांनी खाल्ले. गावात व्हायचं तेच झालं. पाणवठ्यावर बाया म्हणायला लागल्या, की टाकलेल्या बाईने गवत पेरलं, आता गवतच खाईल. माय घरी येऊन रडली. अक्काने बोराट्या तोडून आणल्या आणि उताराला कुंपण घातलं, तिचे हात कोपरापर्यंत ओरखडले होते, त्यावर मायने हळद आणि तेल लावलं, आणि लावता लावता बडबडत राहिली, "कशापायी करतीस गं हे?" अक्का म्हणाली, "कशापायी म्हंजी? मला करायला काही तरी लागतंय का न्हाई?" त्यानंतर मायने गवतावरून एक शब्द काढला नाही, उलट दुपारची भाकर ती आमच्यासाठी फडक्यात बांधून ठेवायला लागली.

दुसऱ्या पावसाळ्यात ठोंब पसरले. तिसऱ्यात उतार भरला. अश्विनात तुऱ्यांना जांभळट रंग चढायच्या आधी कापायचं, बुडाशी चार बोटं ठेवायचं, सावलीत अर्धवट वाळवून पेंढ्या बांधायच्या. हे सगळं अक्का चुका करत करत शिकली. एका वर्षी कापायला उशीर झाला, काड्या राठ झाल्या आणि बैलांनी तोंड फिरवलं. ती खूप खट्टू झाली होती. पण उताराखालचा काळा पट्टा त्या वर्षांत तुटला नाही. दादांनी ते पाहिलं असणारच. मला आठवतो तो वास. कापलेल्या मारवेलाला किंचित गोडसर, तापवलेल्या दुधाच्या सायीसारखा वास येतो. आता शहरात माझ्या नातवाच्या इमारतीपुढे हिरवळ आहे, माळी ती यंत्राने कापतो. मी खिडकीत जाऊन मुद्दाम श्वास घेते, पण तो वास नाही.

मग ते कोरडं वर्ष आलं. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पेरलेली ज्वारी वीतभर होऊन करपली. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावायला कुणाचं मन होईना. दिवाळीपर्यंत लोक हिवराचा, लिंबाचा पाला ओरबाडून गुरांपुढे टाकायला लागले, आणि तीर्थपुरीपासून भोकरदनपर्यंत प्रत्येक बाजारात हाडं निघालेली जनावरं उभी असायची, त्यांना घेणारं कुणी नसायचं. आमच्या उतारावर मात्र भाद्रपदातल्या दोन सरींवर मारवेल गुडघाभर उठलं होतं. त्यात मागच्या सालची गंजी शिल्लक होती. दादा रोज सकाळी तिथून पेंढ्या आणत, बैलांपुढे टाकत आणि बैल खाताना जवळ उभे राहून ऐकत. जनावर पोटभर खातं तेव्हा जो एकसारखा करकर आवाज येतो, तो त्या वर्षी गावात फार थोड्या गोठ्यांत होता.

माघाच्या सुमारास एका दुपारी अक्काचे सासरे गाडी घेऊन आले. एकटेच, दाजी आले नव्हते. बैल इतके वाळले होते, की जू उतरवल्याबरोबर त्यातला एक बसलाच. दादा लगबगीने पुढे झाले, "या इवाई, या," म्हणून घोंगडी अंथरली. मायने आत मला चिमटा काढला आणि डब्यातलं राखून ठेवलेलं तूप काढायला सांगितलं. घरात पाहुणचाराला काही नव्हतं, तरी तिने कुठून तरी रवा काढला आणि शिरा केला. जेवणं झाल्यावर म्हाताऱ्यांनी सुपारी कातरत सांगितलं, "सुनंला न्यायला आलो. झालं गेलं गिरजंला मिळालं. धाकलीला लेकरू झालंय, तिला घर उरकत न्हाई. थोरलीनं आता आपल्या घरी यावं."

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले, "तुमची अमानत तुमी न्या, आमचं काय म्हणणं हाय?" आत माय लुगडं-चोळी शोधायला लागली होती, पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मला काय वाटत होतं ते आजही नीट सांगता येणार नाही. लेक नांदायला जाते म्हणजे चांगलंच, असं सगळे म्हणत होते, आणि मी अक्काचा पदर मुठीत धरून ठेवला होता.

"आन् इवाई," म्हातारे जरा थांबून म्हणाले, "चारा हाय म्हणं तुमच्याकडं. गाडीभर दिला तर बैल वाचतील."

अक्का तोवर दाराआड उभी होती. ती डोक्यावरचा पदर सारखा करून ओसरीवर आली. सासऱ्यांच्या पाया पडली.

"मामंजी, गाडी एकच आणली का?"

"एकच. का गं?"

"मला न्यायला आल्ता का गवत न्यायला?"

म्हातारे गोंधळले. "दोन्हीबी," ते म्हणाले.

"एका गाडीत दोन्ही मावायचं न्हाई," अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गवत न्या. जनावरांनी कुणाचं काय वाईट केलं? मी येत न्हाई."

दादा उठून उभे राहिले. "कौसे!" ते ओरडले. कितीतरी वर्षांनी त्यांनी तिला नावाने हाक मारली होती, आणि ती अशी. "बिलकुल अक्कल न्हाई का तुला? माणूस दारात आलाय."

"दारात आलेत म्हणून गवत देऊन राह्यले ना, दादा. मला सोडून गेले तवा चार दिस म्हणून गेल्ते. मी रोज वाट बघितली. मंग सोडली. आता मला तिथं काम न्हाई. इथं हाय."

म्हाताऱ्यांच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. दादा पायांत वहाणा न घालताच अंगणातून बाहेर निघून गेले. अक्काने विळा घेतला आणि मला म्हणाली, "चल गं, जल्दी. बैल उपाशी हायेत त्यांचे." आम्ही गंजीवरून पेंढ्या उतरवल्या. पहिली पेंढी तिने तिथेच, बसलेल्या बैलापुढे सोडली आणि तो खायला लागेपर्यंत त्याच्या मानेवर हात फिरवत राहिली. तिच्या सासरच्या दिवसांत त्या बैलाला तीच पाणी पाजत असे. मग गाडी भरली. म्हातारेही मुकाट्याने पेंढ्या द्यायला लागले. दोर आवळून झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, आमचं चुकलं गं." अक्काने मान हलवली. हो म्हणाली की नाही, ते मला कळलं नाही.

माय पेटीपाशीच बसलेली होती. बाहेर काढलेलं हिरवं लुगडं तिने पुन्हा घडी घालून ठेवलं, आणि अक्का आत आल्यावर तिला जवळ ओढून घेतलं. दोघी रडल्या. मीही त्यांच्यात घुसले.

दादा दिवस मावळायच्या वेळी आले. आता काय होणार म्हणून मी भावाला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. अक्काने ताट वाढलं. दादांनी भाकरी मोडली, कालवली, आणि घास तोंडाशी नेऊन पुन्हा खाली ठेवला. मी सरसावून बसले. निरोप मलाच पोचवायचा असणार. पण ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"कौसे," ते म्हणाले, "खालच्या वावराचा नदीकडचा बांध बी तुटून राह्यला. तिथं लागंल का तुझं मारवेल?"

अक्का तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास सुटला तेव्हा भानावर आली. "लागंल," ती म्हणाली. "पर आधी बांधाचा काठ उतरता करावा लागंल."

"बराबर," दादा म्हणाले, आणि जेवायला लागले.

पुढच्या पावसाळ्यात सासऱ्यांचा निरोप आला, की बैल वाचले, आणि आता आमच्याही माळावर ते गवत लागेल का. अक्काने कळवलं, की लावून द्यायला येते, राहायला नाही. ओल्या गोणपाटांत ठोंब बांधून, मला सोबत घेऊन ती गेली. आम्हाला पाहून दाजी कुठल्या तरी कामाचं निमित्त काढून गावात निघून गेले, ते आम्ही असेपर्यंत घरी फिरकले नाहीत. धाकटी, तिचं नाव पारू, माझ्याहून फार तर दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. ती आमच्यापुढे इतकी घाबरून वावरत होती, की तिच्या हातून पाण्याचा तांब्या दोनदा कलंडला. पण माळावर ठोंब लावायला ती आली. पोराला झाडाखाली झोळीत टाकलं आणि अक्काच्या मागे मागे ओळ धरून लावत राहिली. अक्का तिला सांगत होती: एवढं खोल न्हाई, बुड दाबून घे, पहिल्या साली शेळ्या येऊ देऊ नको, हिरमुसू नको.

जेवताना पारूने अक्कासाठी पाट मांडला. अक्का बसली. वाढता वाढता पारू एकदम म्हणाली, "बाई, तुमी येणार म्हणलं तवा मला वाटलं, आता माझं कसं व्हायचं."

"तुझं तुझ्यापाशी हाय," अक्का म्हणाली. "पोर रडून राह्यलंय, आण इकडं. आन् तू बी ताट घे."

तिने पोराला मांडीवर घेतलं आणि एका हाताने जेवली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, काही दिसतं का म्हणून. ती भाताची शितं बोटाने मऊ करून त्याच्या ओठांना लावत होती, आणि त्याने तिचं बोट चावलं तेव्हा हसली.

दुसऱ्या दिवशी म्हातारे आम्हाला पोचवायला गाडी जुंपणार होते. पण सकाळीच गावाच्या वेशीपाशी आमची गाडी उभी असल्याचं कुणी तरी सांगत आलं. दादा आले होते. व्याह्यांच्या घरी न येता बाहेरच बैल सोडून झाडाखाली बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि पेरणीच्या दिवसांत दादांनी वावर सोडून इतक्या लांब येणं ही साधी गोष्ट नव्हती.

अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "दादा, तुमी कशाला आलात? पेरणी टाकून?"

"तुला न्यायला," दादा म्हणाले, आणि बैल जुंपायला उठले.

अक्का पुढे, त्यांच्या शेजारी बसली. मी मागे ओल्या गोणपाटांवर. ती दोघं खालच्या बांधाबद्दल बोलत होती. काठ किती उतरता करायचा, ठोंब कुठून आणायचे, यंदा कुणाकुणाला द्यायचे. मध्ये मध्ये दादा तिला काही विचारायचे आणि ती विचार करून उत्तर द्यायची. केदारखेडा येईपर्यंत ते बोलणं संपलं नव्हतं, आणि त्या बोलण्यात मला कुणी काही पोचवायला सांगत नव्हतं, म्हणून मी निवांत आडवी झाले आणि झोपून गेले.